दोन श्रावण आणि एक मोडका पाय

पडल्यापासून सहा महिने. एवढं एक लक्षात ठेवा, मग बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल. चुंगीच्या खड्ड्यात पडून हात-पाय मोडला, तर दावा सहा महिन्यांच्या आत कचेरीत लागला पाहिजे. आणि दावा लावण्याआधी पुरते दोन महिने चुंगीला लेखी नोटीस पोचलेली पाहिजे. म्हणजे खरे हातात चारच महिने. त्यातले पहिले दोन खाटेवर जातात, आणि त्या दिवसांत माणसाला स्वतःचं नाव धड आठवलं तरी पुष्कळ झालं. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला कुणीतरी सांगावं म्हणून मी लिहायला बसले आहे.

चुंगी म्हणजे खरं तर जकात. पण इथे बनारसात अख्ख्या म्युनिसिपालिटीलाच चुंगी म्हणतात, आणि आम्हा मराठी घरांतही तोच शब्द चालतो. माझा जन्म रामघाटचा, सासर दूधविनायकाचं. एवढ्याशा अंतरात माझा सगळा जन्म गेला, आणि तोही धावत. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. आमचे हे पाठशाळेत वेद शिकवतात, शांत माणूस, एक ऋचा दहा वेळा म्हणायला कंटाळत नाहीत. मी उलटी. देशावरून आलेले यात्रेकरू आमच्याकडे उतरत, त्यांचं सोवळ्यातलं जेवणखाण, पाणी, फराळ सगळं माझ्याकडे. घर माझ्या पायांवर चालत होतं असं म्हटलं तर त्यात बढाई नाही. अशा बाईला खाटेला बांधून ठेवलं तर काय होईल, ते पुढे वाचा.

पडले ती सकाळ

श्रावण वद्य षष्ठी होती. गोकुळाष्टमी दोन दिवसांवर, आणि घरी नाशिककडची सहा माणसं उतरलेली. उजाडायच्या आत रामघाटावर स्नान केलं, कळशी भरून कमरेवर घेतली, ओलं लुगडं खांद्यावर टाकलं आणि निघाले. जाताना मी वरच्या गल्लीने गेले होते. येताना उशीर झाला म्हणून रोजची जवळची गल्ली धरली. आदल्या संध्याकाळी चुंगीच्या मजुरांनी तिथे नळ घालायला कमरेइतका खोल चर खणून ठेवला होता, ते मला काय ठाऊक! रात्रभर पाऊस झालेला. गल्लीत घोट्याएवढं पाणी, आणि चरातही तेच पाणी, वरून सगळं सारखं. फळी नाही, दोरी नाही, कंदील नाही.

उजवं पाऊल टाकलं ते टेकलंच नाही. एवढंच आठवतं, आणि कळशीचा आवाज.

मला बाहेर काढलं ते रामदेईने. आमच्या समोरच्या घरातली, बनारसचीच, माझ्याच वयाची. तीही गंगेवर निघाली होती, तोंडात महुव्याची दातून, दात घासायची काडी. तिने ती थुंकली, लुगडं खोचलं आणि खड्ड्यात उतरून मला काखेत धरून वर ओढलं. मी पायाकडे बघितलं. नडगीचं हाड बाहेर आलेलं दिसलं, पांढरं. मी म्हटलं, "अगं, कळशी बघ." त्यावर रामदेईने मला जी शिवी हासडली ती मी इथे लिहीत नाही.

त्याच दिवशी दुपारी मला सरकारी दवाखान्यात भरती केलं. हे पुढे फार उपयोगी पडायचं होतं, आणि त्याआधी फार नडायचं होतं.

तीन दिवसांची मुदत

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. वास आला. मला आला म्हणजे सगळ्यांना आला असणार. डॉक्टर बंगाली, वयस्क, भला माणूस, पण माझ्याकडे न बघता यांना म्हणाले, "पंडितजी, ज़ख़्म पक गया है. तीन दिन देखते हैं. बुख़ार नहीं उतरा तो घुटने के नीचे से काटना होगा."

हे हातातलं उपरणं पिळत होते.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहब, मैं बहिरी नहीं हूँ. टाँग मेरी है, मुझे बताइए."

 डॉक्टर खाटेला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि तेच सगळं पहिल्यापासून मला सांगितलं. किती ताप आहे, काय बघणार, कापलं तर काय, नाही कापलं तर काय. त्या दिवसापासून दवाखाना सोडेपर्यंत ते आधी माझ्याशी बोलत आणि मग यांच्याशी. आजारपणात कुणी केवढे उपकार केले याचा हिशोब मांडायला बसले, तर हा माणूस पहिला येईल.

पण भीती वाटायची ती वाटलीच. तुम्हाला खोटं कशाला सांगू? मी पांघरुणाच्या आत बोटं हलवून बघत होते, पाचही हलतात का. दर थोड्या वेळाने नर्सबाईला विचारायचे, ताप किती. ती म्हणायची, अभी तो देखा. मी म्हणायचे, फिर देखो. एका पायाची बाई पंगत कशी वाढेल, घाटाच्या पायऱ्या कशा उतरेल, सोवळ्याचं पाणी कोण आणून देईल, हेच डोक्यात गरगरत होतं. देवाचं नाव घ्यायला बसले तर मध्येच चुलीवर ठेवलेलं आठवायचं.

आणि त्यात हे. संध्याकाळी भेटायच्या वेळी आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "जरा बघून चालली असतीस तर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "पाण्याखालचं बघायला मी काय मासा आहे? तुम्ही जा घरी."

ते खरंच उठून गेले. रागावून नव्हे; मी जा म्हटलं म्हणून. मग मला आणखीच राग आला. त्यांच्या मनात माझ्याबद्दल वाईट नव्हतं हे मला आज कळतं. पण त्या वेळी वाटलं, याच माणसाला असं वाटतंय, तर बाकीच्यांना काय वाटत असेल?

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, "रहेगी." मी विचारलं, मैं कि टाँग? ते म्हणाले, दोनों.

खाट

पुढचे सात आठवडे मी उताणी. पायाला दोन्ही बाजूंनी फळ्या, पावलाला दोरी, दोरी खाटेच्या कठड्यावरून खाली आणि तिच्या टोकाला चक्क दोन विटा. हाड ओढलेलं राहावं म्हणून. कूस बदलायची नाही. सकाळी ताप बघायचा, मग जखम धुवायची, मग झाडलोट, मग डॉक्टरांची फेरी, मग काहीच नाही. ते काहीच नाही फार लांब असायचं. मी छताचे वासे मोजले, समोरच्या भिंतीचे पोपडे मोजले. तळव्याला खाज सुटली की रडकुंडीला यायचे. नर्सबाई मिर्झापूरकडची ख्रिस्ती बाई होती. पहिले काही दिवस मी तिच्या हातचं पाणी घेतलं नाही, घरून गंगेचा लोटा यायचा. ती तोंड पुसायला आली की लोट्याला स्वतः न शिवता तो माझ्या हाताशी सरकेल अशी तिपाई ढकलायची. एकदा घरून लोटा यायला दुपार झाली आणि घसा कोरडा पडला, तेव्हा मीच म्हटलं, दे बाई तुझं पाणी. तिने दिलं. पाण्यासारखं पाणी होतं. तिनेच माझी चुळबूळ बघून दोघा नोकरांकरवी माझी खाट फिरवून खिडकीकडे तोंड करून दिली, म्हणजे निदान रस्त्यावरचे घोड्यांचे एक्के दिसतील. माणसं कुठेतरी जाताहेत एवढं बघूनही मला बरं वाटायचं.

घरी मोठ्या जाऊबाई आल्या होत्या, यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. स्वयंपाक त्यांनी सांभाळला, पण यात्रेकरू गेले ते गेले. पंगत बंद पडली. जाऊबाईंनीच एक दिवस मला सांगितलं, की चुंगीचा ओव्हरसियर गल्लीत येऊन गेला, चर बुजवून गेला, आणि विचारणाऱ्यांना म्हणाला, वो बाई तो अपने ज़ीने से गिरी.

आपल्या जिन्यावरून! मी ताडकन उठायला गेले आणि विटांनी मला परत खाली ओढलं.

त्या दिवशी मी ठरवलं की दावा लावायचा. हाड थोडं वाकडं बसतंय, पुढे परत मोडून बसवावं लागेल, असं डॉक्टर म्हणत होते. तो खर्च कुणी करायचा? पंगत बंद आहे, ती कुणामुळे? आणि या सगळ्यावर मी खोटारडी? हे म्हणाले, सरकारदरबारी कुठे भांडत बसायचं. जाऊबाई म्हणाल्या, बाईमाणसाचं नाव कचेरीत पुकारलेलं बरं दिसतं का? मी म्हटलं, बाईमाणसाचं हाड रस्त्यात दिसलं, ते चाललं, मग नावाने काय होतंय!

शेवटी यांनी एका वकिलाला सांगितलं. मला वाटतं, माझ्या कटकटीतून सुटका म्हणून.

मुन्शीजी

वकीलबाबूंनी आपले मुन्शी, म्हणजे कारकून, दवाखान्यात पाठवले. पांढरी मिशी, कानाला कलम, शांतपणे लिहून घेणारे. पाचवा आठवडा असेल. नाव, नवऱ्याचं नाव, राहणार कुठे, काय मोडलं, काय मागणं. मग विचारलं, "कब गिरीं?"

मी म्हटलं, "श्रावण वद्य षष्ठी."

"सावन बदी छठ," असं म्हणत त्यांनी लिहिलं. पंचांग काढलं, इंग्रजी तारीख शोधली, तीही लिहिली.

इंग्रजी तारखेचं आमच्या घरात काम काय? श्राद्ध, मुंज, एकादशी, सगळं तिथीवर. नोटिशीची हिंदी नक्कल यांनी वाचली, मान हलवली, म्हणाले, "तिथी बरोबर आहे." नोटीस चुंगीत पोचली, पोच मिळाली. मी घरी आले, बगलेत कुबड्या, गुडघा काठीसारखा ताठ. दोन महिने पुरे झाले. वकीलबाबू दाव्याचा कागद लिहायला बसणार, तेवढ्यात चुंगीचं उत्तर आलं.

वकीलबाबू ते घेऊन स्वतः घरी आले. इंग्रजी वाचत आणि हिंदीत सांगत. या तारखेला त्या गल्लीत खोदाई नव्हतीच. सावनातल्या गर्दीमुळे काम बंद होतं, ते महिन्याभराने सुरू झालं. शिवाय ही बाई दवाखान्यात दाखल झाली तीही या तारखेच्या महिन्यानंतर. सबब ती दुसरीकडे कुठेतरी पडली, आणि चुंगी जबाबदार नाही.

वकीलबाबूंनी चष्मा काढला. "बाईजी, टूटी टाँग लेकर आप महीना भर घर में क्या कर रही थीं?"

मी म्हटलं, महिना कसला? पडले त्याच दिवशी मला नेलं. हेही म्हणाले, त्याच दिवशी. वकीलबाबूंनी कागद उलटसुलट केले, तारखा तर चुकत नव्हत्या. ते गेले, पण जाताना त्यांचा आवाज बदललेला मला कळला.

संध्याकाळी जाऊबाई माझ्याजवळ येऊन बसल्या, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "मथू, जिन्यावरूनच पडली होतीस का गं? सांग, आम्ही कुणी रागावणार नाही."

एक वेळ पाय कापला असता तर इतकं लागलं नसतं. मी यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते. ते काही जाऊबाईंसारखं म्हणाले नाहीत. पण नाही असंही नाही म्हणाले. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. घरात कुबड्या आपटत फिरत होते, या खोलीतून त्या खोलीत. आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवशी माझीच मला शंका यायला लागली. तापात काही भलतंच डोक्यात बसलं असेल का? कळशी पडल्याचा आवाज तरी खरा ऐकला की नाही?

भादों की छठ

तिसऱ्या दिवशी सकाळी रामदेई मटाराची घुगनी, म्हणजे उसळ, घेऊन आली. माझं तोंड बघून म्हणाली, का भइल? मी सगळं ओकले. सावन बदी छठला चर नव्हता म्हणे, मी खोटी म्हणे.

रामदेई घुगनीचं भांडं खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. "सावन में कब गिरलू तू? ओह दिन त ललही छठ रहल! हमार बरत रहल, महुआ क दातून करत जात रहलीं. भादों क छठ रहल, भादों क!" ललही छठ म्हणजे इकडच्या बायकांचं मुलाबाळांसाठीचं व्रत, त्या दिवशी दातून महुव्याचीच.

मी म्हटलं, "छे, श्रावण. गोकुळाष्टमीच्या दोन दिवस आधी."

"त जनमाष्टमी कउने महीना में होला?"

"श्रावणात."

"भादों में!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमचा महिना अमावास्येला संपतो, इथल्या लोकांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोघांचा एकाच नावाचा. पण वद्य पक्षाला आम्ही अजून श्रावण म्हणत असतो तेव्हा इथल्यांचा भादों, म्हणजे भाद्रपद, लागलेला असतो. सण एकाच दिवशी, नाव वेगळं. जन्मभर या गावात राहिले, बाजारात त्यांचा महिना बोलते आणि घरात आमचा, आणि कधी अडलं नाही. मी बोलले ते बरोबर. मुन्शीजींनी लिहिलं तेही त्यांच्या परीने बरोबर. यांनी वाचलं तेही बरोबर. तिघेही बरोबर, आणि माझं पडणं एक महिना मागे गेलं.

"अहो!" मी जी ओरडले ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल. हे संध्येला बसले होते, पळी हातात घेऊनच धावत आले. मी म्हटलं, "त्यांचा सावन बदी म्हणजे आपला आषाढ वद्य!"

 पळीतलं पाणी जमिनीवर सांडलं. "अरे देवा," म्हणाले, "आणि मी वाचलं होतं."

संध्या तशीच टाकून ते वकीलबाबूंकडे धावले. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा धावताना बघितलं.

बड्या दिनाच्या आदल्या दिवशी

वकीलबाबूंनी बोटांवर मोजलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तारीख चुकलेली नोटीस धरून दावा लावला तर पहिल्याच दिवशी पडणार. नवी नोटीस दिली पाहिजे, आणि तिच्यापुढे परत दोन महिने थांबलं पाहिजे. आज पोचली तर दोन महिने भरून सहा महिने संपायला दोन दिवस उरतात. आणि उद्यापासून बड्या दिनाची, म्हणजे नाताळाची, सुट्टी, चुंगीची कचेरी बंद, ती नव्या सालातच उघडणार. नोटिशीचे दोन महिने मुदतीतून वगळतात असंही काही वकील म्हणतात, असं ते म्हणाले. पण त्या वादाच्या भरवशावर राहायची त्यांची तयारी नव्हती. तुम्हीही राहू नका.

मुन्शीजींनी नवी नोटीस लिहिली.  या खेपेला तिथी दोन्ही प्रकारे घातली, इंग्रजी तारीख दवाखान्याच्या कागदावरून ताडून घेतली. सही माझी हवी, आणि कुणी काही आक्षेप काढला तर मी तिथेच असलेली बरी. गल्लीतून डोलीत, पुढे एक्क्यात. एक्क्याच्या प्रत्येक दणक्याला माझं हाड मला आपली जागा सांगत होतं. हे समोर बसून माझा पाय दोन्ही हातांनी धरून होते, लाकूड धरावं तसा, घट्ट.

पोचलो तर चुंगीच्या कचेरीत सामसूम. एक बाबू टोपी घालून, कुलूप हातात घेऊन निघालेला. म्हणाला, "समय हो गया. अब बड़े दिन के बाद आइए."

वकीलबाबू म्हणाले, अजून वेळ आहे. बाबू म्हणाला, साहब गेले. वकीलबाबूंनी कायदा सांगितला. बाबूने हात जोडले, रेल गाठायची आहे म्हणाला. हे मध्ये पडून अजिजी करायला लागले, आणि मला दिसलं की आता हे सगळं हातचं जाणार.

मी दारात बसले. ठरवून नाही, उभं राहवेना म्हणून. आणि बसले की पाय आडवा पसरायचा, तो वाकतच नव्हता. उंबऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझा पाय.

बाबू आतल्या बाजूला, मी दारात. तो पुढे आला आणि थबकला. बाईमाणूस, ब्राह्मणाची बायको, आणि आजारी. असल्या माणसाला ओलांडायचं कसं? लहान मूल जरी निजलेलं असलं तरी आपण ओलांडत नाही. बाबू कायस्थ होता, सणवार पाळणारा असणार. त्याने एकदा पाय उचलला आणि परत खाली ठेवला.

"बाईजी, ज़रा टाँग हटाइए."

मी म्हटलं, "हटती नहीं, बाबूजी. यही तो नोटिस में लिखा है."

वकीलबाबू फसकन हसले. मग मुन्शीजी. मग, मला वाटतं, त्या बाबूलाही आतून हसू येत होतं. तो टोपी काढून परत टेबलाकडे गेला, कुलूप ठेवलं, शिक्का काढला आणि नोटिशीच्या नकलेवर मारला. तारीख घातली, सही केली. मी कागद हातात घेतला आणि तारीख वाचून घेतली. मग दुसऱ्यांदा वाचून घेतली.

तुम्हाला सांगणं एवढंच. पोच घेतल्याशिवाय उठू नका. आणि तिथी सांगितलीत तर कुणाच्या महिन्याची ते सांगा, नाहीतर सरळ दवाखान्याच्या कागदावरची तारीख सांगा.

साक्ष

दावा मुदतीत लागला. रामदेई साक्षीला आली, तोंडावर हातभर घुंघट ओढून, पण बोलली ठणठणीत. निकाल आमच्या बाजूने लागला. मिळालं त्यातून हाड परत मोडून बसवून घेतलं, ते दुसरं आजारपण निराळं. आज मी काठी घेऊन चालते, पाय बोटभर आखूड आहे, पंगत निम्म्याने का होईना पुन्हा सुरू झाली. या गोष्टी सांगून झाल्या. आता एकच राहिली, आणि खरं तर तिच्यासाठी मी एवढं सगळं लिहिलं.

दोन्हीकडच्या महिन्यांचा घोटाळा समजावायला यांची साक्ष काढली होती. हे उभे राहिले, अमान्त आणि पूर्णिमान्त महिने मुन्सफांना असे समजावले की पाठशाळेत बसल्यासारखं वाटलं. मग चुंगीचा वकील उठला. हसतमुख माणूस. त्याने पंचांग बाजूलाच ठेवलं आणि विचारलं, "पंडितजी, आप झूठ नहीं बोलेंगे. आपकी पत्नी बहुत जल्दी-जल्दी चलती हैं न?"

 हे खोटं बोलणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. स्टुलावर बसून मला काय म्हणाले होते तेही मी विसरले नव्हते.  मुन्सफांनी मान वर करून बघितलं.

हे हिंदीतच बोलले, पण माझ्या कानांत ते मराठीत राहिलं आहे. म्हणाले, "हो. फार घाईने चालते. लग्न होऊन आली तेव्हापासून एकोणीस वर्षं ती त्याच गल्लीतून, कमरेवर भरलेली कळशी घेऊन, अशीच घाईने चालत आली. खाली जमीन होती तोवर ती एकदाही पडली नाही."

मी पदर तोंडाला लावला आणि सगळ्या कचेरीदेखत रडले.